एका भिंतीची चार नावं

आमच्या बिल्डिंगमागची भिंत वाकली आहे, एवढंच मला कळवायचं होतं. आज तीस-बत्तीस वर्षांनी वाटतं, त्या वेळी मी नगरपालिकेच्या दारात जाऊन नुसतं अंग तिरकं करून उभा राहिलो असतो, तरी काम लवकर झालं असतं. पण मी पत्र लिहायला घेतलं, आणि तेही इंग्रजीत.

बिल्डिंग तीन मजली, बारा बिऱ्हाडं. मागच्या बाजूला एक अरुंद बोळ. त्यात सगळ्यांचा मिळून एक नळ, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, टेकवून ठेवलेल्या सायकली आणि शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत अकरा मुलं. बोळाच्या पलीकडच्या अंगाला नगरपालिकेच्या कोठाराची उंच भिंत होती. तिनं हळूहळू पोट काढलं होतं. आम्हा पुरुषमंडळींनीही साधारण त्याच सुमाराला पोटं काढली होती, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाटलं ते कंपाउंडरला. हा आमच्या समोरच्या दारात राहायचा, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पुड्या बांधायचा, आणि डॉक्टरला जे निदान करायला अर्धा तास लागे ते हा जिन्यातच करून टाकायचा. एका रविवारी त्यानं बँडेजच्या पट्टीला औषधाची भरलेली बाटली बांधली, शिडीवर चढून ती भिंतीच्या माथ्यावरून खाली सोडली आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. वर पट्टी भिंतीला चिकटलेली, खाली बाटली भिंतीपासून चांगली दीड हात लांब लोंबत होती.

"केस गंभीर आहे," तो म्हणाला. "पेशंट कधीही आडवा होईल."

बाटलीच्या खालून एक चेंडू गेला आणि चेंडूच्या मागून तीन मुलं गेली. बायकांचे चेहरे उतरले. त्याच संध्याकाळी जिन्यात बैठक भरली आणि पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

कारण मी ऑफिसात आवक-जावक क्लार्क होतो. माझ्या हातून रोज शंभरेक इंग्रजी पत्रं जातात, हे बिल्डिंगला माहीत होतं. ती मी वाचत नाही, त्यांच्यावर फक्त शिक्का मारतो, हे बिल्डिंगला सांगायचा प्रसंग कधी आला नव्हता. आणि बारा बिऱ्हाडं कौतुकानं बघत असताना तो प्रसंग आणावा, असं मला वाटेना.

"आपल्याच भाषेत लिहा की," बायको म्हणाली.

"वहिनी, आपल्या भाषेतलं पत्र साहेब वाचतो आणि ठेवून देतो," कंपाउंडर म्हणाला. "इंग्रजीतलं पत्र त्याला वरच्या साहेबाला दाखवावं लागतं."

हे त्यानं इतक्या अधिकारवाणीनं सांगितलं, की इंग्रजीवर शिक्कामोर्तब झालं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पत्र लिहिलं. चार वाक्यं झाली. देअर इज अ वॉल बिहाइंड अवर बिल्डिंग. द वॉल इज लीनिंग. चिल्ड्रन प्ले निअर द वॉल. प्लीज रिपेअर द वॉल. तिसऱ्या वाक्याला थोडा घाम आला, पण एकंदरीत मजकूर मला बरा वाटला. घरी येऊन बायकोला वाचून दाखवला.

"छान आहे," ती म्हणाली. "मला सगळं कळलं."

इथे मी खचलो. माझ्या बायकोचं इंग्रजी साबणाच्या वेष्टनापुरतं. जे पत्र तिला पहिल्या झटक्यात कळतं, ते नगरपालिकेवर काय छाप पाडणार? मी कागदाची घडी केली आणि पहिल्या मजल्यावरच्या सरांकडे गेलो.

सर म्हणजे इंग्रजीचे शिक्षक. पस्तीस वर्षं शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. दोन खोल्यांत एकटेच असायचे. सकाळी वर्तमानपत्र घ्यायचे आणि लाल पेन्सिलीनं तपासून काढायचे. रद्दीवाला त्यांची रद्दी वेगळी ठेवतो असं ऐकलं होतं. खरंखोटं त्यालाच माहीत.

सरांनी माझी चार वाक्यं वाचली, चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा वाचली.

"वाक्यं आहेत," ते म्हणाले. "चुकीची नाहीत. पण एकमेकांना ओळखत नाहीत."

"म्हणजे?"

"बसस्टॉपवर चार माणसं उभी असतात ना, तशी उभी आहेत. यांना हात धरायला शिकवलं पाहिजे." मग आवाज खाली आणून, घरच्या माणसाचं दुखणं सांगावं तसं म्हणाले, "आणि वॉल हा शब्द चार वेळा आलाय."

"भिंतीबद्दलच आहे ना, सर, पत्र."

"एकच सदरा घालून तुम्ही चार लग्नांना जाल का?"

मी एकच सदरा घालून सात लग्नांना गेलो होतो.

सरांनी पेटीतून एक जुनी वही काढली. वाक्यांना वाक्यं जोडणारे सगळे शब्द त्यांनी तिच्यात आयुष्यभर गोळा केले होते. वहीचे भाग पाडले होते: जोडणारे, अडवणारे, वळवणारे आणि आवरतं घेणारे. दुसऱ्या हातात समानार्थी शब्दांचा जाडजूड कोश होता, त्याला खाकी पुठ्ठ्याचं कव्हर. तो उचलताना सरांचे दोन्ही हात लागले, आणि मला जाणवलं की या माणसाच्या चेहऱ्यावर असा उजेड मी गेल्या दोन वर्षांत पाहिलेला नाही.

"उद्या पाच वाजता या," ते म्हणाले. "घाईनं होणारं काम नाही हे."

पाच वाजता मी पोचलो तर सरांनी जिन्याच्या पहिल्या वळणावर खुर्ची, स्टूल आणि पाण्याचा तांब्या मांडून ठेवला होता. जिन्यात बसल्यामुळे जो जाईल-येईल तो सल्लागार झाला. पहिला आठवडा हाउएव्हर आणि नेव्हरदलेस यांच्यात गेला. दोघांचाही अर्थ 'तरीसुद्धा' असाच, अशी माझी समजूत होती. सरांना ती ऐकून त्रास झाला.

"हाउएव्हर म्हणजे वळणावर केलेला हात," ते म्हणाले. "पुढे रस्ता वळतोय, हे वाचणाऱ्याला आधी कळतं. नेव्हरदलेसमध्ये छाती काढून उभं राहणं आहे. आपण इथे वळतोय का छाती काढतोय, ते तुम्ही ठरवा."

मला ठरवता येईना. कंपाउंडर दवाखान्यातून येताना थांबला. त्याचं मत नॉटविथस्टँडिंगला पडलं. "तीन शब्द आणि गोळी एकच," तो म्हणाला. "सौम्य औषधानं सरकारी दुखणं हलत नाही."

खेळण्याला प्ले म्हणायचं नाही असं ठरलं, त्यावरही दोन दिवस गेले.

"प्ले फार लहान मुलांचा शब्द आहे," सर म्हणाले.

"मुलं लहानच आहेत, सर."

"पण पत्र मोठ्या माणसांना जातंय."

मग कोशातून डिस्पोर्ट निघाला. मी तो उच्चारून पाहिला तेव्हा पायऱ्यांवर बसलेली चार मुलं हसली. मुलं तिथे कधीपासून येऊन बसायला लागली, हे मला सांगता यायचं नाही. आधी एक-दोन आली, मोठी माणसं रोज कशावर भांडतात ते बघायला. मग त्यांना शोधत बाकीची आली. सर त्यांना हाकलत नसत. उलट मध्येच वळून विचारत, "पाऊस पडत होता. तो छत्री विसरला. यांच्यामध्ये कोण उभं राहील?" मुलं वाटेल ते ठोकून द्यायची, आणि सर प्रत्येक उत्तराला विचार करून नापास करायचे.

बायको नळावरून बादली घेऊन वर जाताना रोज एकदा थांबायची. "झालं का?" विचारायची. "वळतोय," मी सांगायचो. "बघा हं," ती म्हणायची, "तिकडे भिंतही वळतीये."

सतराव्या दिवशी पत्र झालं. पूर्ण दोन पानं. भिंत पहिल्या परिच्छेदात वॉल होती, दुसऱ्यात बॅरियर, तिसऱ्यात पार्टिशन आणि शेवटी, जिथे सरांनी सगळी ताकद लावली होती तिथे, रॅम्पार्ट. एकही शब्द पुन्हा आलेला नव्हता. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी मोरओव्हर, सिमिलरली, ऑन द अदर हँड असा एकेक भालदार उभा. विषयाच्या ओळीत मी लिहिलं होतं, 'भिंतीबाबत'. सरांनी ते खोडून 'अ मॅटर ऑफ ग्रेव्ह अ‍ॅप्रिहेन्शन', म्हणजे गंभीर चिंतेची बाब, असं केलं. पत्राला वजन यावं म्हणून खाली उत्तरासाठी पत्ता मात्र मी माझ्या ऑफिसचा टाकला. ही एकच कल्पना माझी स्वतःची होती, आणि सगळ्यात महागात तीच पडली.

नगरपालिकेचा आवक क्लार्क माझ्याच जातकुळीतला, म्हणजे न वाचता शिक्का मारणारा. त्यानं विषयाच्या ओळीवर बोट फिरवलं, एका शब्दावर थांबला, माझ्याकडे जरा सहानुभूतीनं पाहिलं आणि पत्र एका खणात टाकलं. मी समाधानानं घरी आलो.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. दफनभूमी विभागाकडून. 'आपला अर्ज मिळाला. कृपया मयताचे नाव, वय व नातेसंबंध कळवावा.'

ग्रेव्ह या एका शब्दानं आमची भिंत थेट दफनभूमीत नेऊन ठेवली होती. मी त्या विभागात जाऊन सांगितलं की कुणी वारलेलं नाही. तिथले गृहस्थ नाराज झाले. नाव नोंदवून घेतलंय, म्हणाले, आता रद्द करायचं तर तसा अर्ज द्यावा लागेल. कोणाचं नाव नोंदवलंत, असं मी विचारलं. त्यांनी वही पाहिली. पत्राखाली सही माझीच होती.

माझं मरण रद्द करण्यात आणखी आठ दिवस गेले. त्यानंतर पत्र बांधकाम विभागात पोचलं आणि एका सकाळी ओव्हरसियर आला. बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल ठेवलेला, कामसू माणूस. माझं पत्र त्यानं ओळ न ओळ वाचलं होतं. आजही सांगतो, त्या पत्राचा तो एकमेव प्रामाणिक वाचक.

"वॉल कुठाय?" त्यानं विचारलं.

मी भिंत दाखवली. त्यानं टेप लावली, ओळंबा सोडला, मान हलवली. "झुकलीय. बरोबर." वहीत खूण केली. "आता बॅरियर दाखवा."

"हाच."

"ही वॉल झाली. बॅरियर वेगळा लिहिलाय. द सेड बॅरियर."

"तेच ते, साहेब. ही भिंतच."

"मग पार्टिशन?"

"तेही हेच."

त्यानं पत्र जवळ धरलं. "आणि हा रॅम्पार्ट. तटबंदी. नगरपालिकेची तटबंदी आहे इथे आणि आमच्या नकाशात नाही, हे मला जरा विचित्रच वाटलं होतं." मग त्यानं पान उलटलं. "ऑन द अदर हँड, चिल्ड्रन. म्हणजे मुलं भिंतीच्या दुसऱ्या बाजूला असतात?"

"नाही, ह्याच बाजूला असतात. ते ऑन द अदर हँड नुसतं जोडायला आहे."

"काय जोडायला?"

"वाक्य."

त्यानं पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि भिंत दोन वर्षांपासून कललेली आहे, सिमिलरली रहिवासी. म्हणजे रहिवासीही तसेच?" त्यानं खरोखर मान वर करून बिल्डिंगकडे पाहिलं. गॅलरीत उभ्या असलेल्या बायका सरळ उभ्या राहिल्या.

मला त्याला सगळं समजावून सांगायचं होतं, पण पहिल्या मजल्याच्या खिडकीत सर उभे होते आणि ऐकत होते. त्यांच्यासमोर मला तो रॅम्पार्ट खोटा पाडवेना. मी म्हणालो, "तुम्हाला जे दिसतंय ते लिहा." त्यानं तेच केलं.

दहा दिवसांनी माझ्या ऑफिसात, माझ्याच टेबलावर, रोजच्या टपालात एक लांब पाकीट आलं. सवयीप्रमाणे मी शिक्का मारला, नोंदवहीत क्रमांक टाकला, आणि मग वर माझं नाव दिसलं. नियमाप्रमाणे आवक झालेलं प्रत्येक पत्र साहेबांसमोर जातं. शिक्का मारून झाला होता. तेव्हा माझ्यावरची नोटीस मी स्वतःच्या हातानं साहेबांपुढे नेऊन ठेवली.

साहेबांनी ती मोठ्यानं वाचली. अर्जात नमूद चार बांधकामांपैकी जागेवर एकच आढळलं. उर्वरित तीन, म्हणजे बॅरियर, पार्टिशन व रॅम्पार्ट, विनापरवाना हलवल्याचं दिसतं. सात दिवसांत खुलासा करावा.

"तुम्ही भिंती हलवता?" साहेबांनी विचारलं.

"एकच आहे, साहेब."

"मग तीन गेल्या कुठे?"

"त्या सरांच्या कोशात होत्या."

हे उत्तर खरं होतं, पण ते मी त्या वेळी द्यायला नको होतं. त्या दिवसापासून ऑफिसात कुणाचा पंच, टाचण्या, छत्री, काहीही जागेवर नसलं की माझ्याकडे बघायची पद्धत पडली.

माझा राग सरांवर निघाला. मी भांडलो नाही, त्याहून वाईट केलं. जिन्यातून जाताना मान खाली घालून जायला लागलो. पहिल्या दिवशी ते खुर्चीत बसलेले होते, वही मांडीवर. "खुलाशाचा मसुदा करून ठेवलाय," म्हणाले. "या वेळी कॉन्सिक्वेंटलीनं सुरुवात करू." मी घाईत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी वळणावर खुर्ची नव्हती. कंपाउंडरनंही हात वर केले होते. नॉटविथस्टँडिंग शेवटी पत्रात गेलाच नव्हता, तेव्हा आपला यात संबंध नाही, असं तो जिन्यात सगळ्यांना सांगत होता.

पण मुलांना पाच वाजता सरांकडे जायची सवय लागलेली. त्यांना नोटिशीचं काय? त्यांनी सरांचं दार वाजवलं. जिन्यात नको म्हणून सर त्यांना गच्चीवर घेऊन गेले, आणि तिथे रोजचा वर्गच सुरू झाला. एकानं एक वाक्य सांगायचं, दुसऱ्यानं त्याला जोडशब्द लावून पुढचं. सरांनी बोळातल्या खेळावर मात केली हे पाहून आयाही चकित झाल्या. आमची सात वर्षांची मुलगी जेवताना म्हणायची, "आय डोन्ट वॉन्ट भाजी. मोरओव्हर, आय डोन्ट वॉन्ट वरण." बायको हसायची. मी वरणाकडे बघत बसायचो.

मी कसाबसा खुलासा धाडला, तर महिन्याभरानं नगरपालिकेनं सुनावणीला बोलावलं. त्या दिवशी मी एकटाच निघालो होतो. फाटकाशी सर उभे होते. इस्त्रीचा कोट, हातात काही नाही. वही नाही, कोश नाही.

"मी येतोय," ते म्हणाले. मी नको म्हणालो नाही, आणि हो पण म्हणालो नाही. बसमध्ये आम्ही पुढेमागे बसलो.

इंजिनियर साहेबांच्या टेबलावर आमची फाईल होती. दोन पानांच्या पत्राची फाईल विटेएवढी झाली होती. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मला एवढंच सांगा. भिंती किती?"

मी उभा राहिलो. "साहेब, त्याचं असं आहे की, पत्र लिहिताना आमचा हेतू..."

"एक," सर म्हणाले.

ते माझ्या शेजारी उठून उभे राहिले होते.

"एक भिंत आहे. ती वाकली आहे. तिच्याखाली मुलं खेळतात. बाकी तिन्ही माझ्या आहेत. यांनी पहिलं पत्र चार ओळींचं लिहिलं होतं आणि त्यात भिंतीला चारही वेळा भिंतच म्हटलं होतं. मी ते बदलायला लावलं. पस्तीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, एकच शब्द पुन्हा वापरू नका. नोटीस माझ्या नावानं काढा."

वर्गात मुलाला उभं करतात तसे ते उभे होते, हात खाली सोडून. मला त्यांच्याकडे बघवेना. एक महिना मी या माणसाच्या दारासमोरून मान खाली घालून गेलो होतो.

"बसा, सर," इंजिनियर साहेब म्हणाले. त्यांनी फाईल मिटली. "एक साधा अर्ज द्या. कुठल्याही भाषेत. भिंतीला भिंत म्हणा."

तो अर्ज मी तिथेच, त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिला. साहेबांनी त्यावर शेरा मारला: पंधरा दिवसांत काम सुरू करावे.

परत येताना बससाठी आम्ही बाकावर बसलो.

"तुमचं पहिलं पत्र चांगलं होतं," सर म्हणाले.

"तुमच्यामुळे त्याला वजन आलं, सर."

"हो. त्या वजनानंच खाली गेलं ते."

मी हसलो आणि मग तेही हसले. दोघांनीही बस सोडली. म्हणजे ती आली आणि गेली, आमच्या लक्षात आलं नाही.

भिंत पंधरा दिवस थांबली नाही. नवव्या दिवशी, सव्वापाचच्या सुमाराला, जास्तीच्या कामासाठी ऑफिसात थांबलो असताना मला फोन आला. कंपाउंडर बोलत होता. त्याच्या आवाजात निदान नव्हतं. "भिंत पडली," एवढंच म्हणाला, आणि फोन तुटला.

त्या रस्त्यानं मी कसा धावलो ते मला आठवत नाही. बोळाच्या तोंडाशी धूळ अजून खाली बसली नव्हती. नळ मोडून पाण्याची धार उडत होती. दोऱ्या, कपडे, सायकली, सगळं विटांखाली. ढिगाऱ्यातून एका बाजूनं मुलांच्या सायकलीचं छोटं चाक वर आलेलं होतं आणि ते पाण्याच्या धारेनं सावकाश फिरत होतं. ते चाक मी पाहिलं आणि हातानं विटा उपसायला लागलो.

"वर आहेत," कुणीतरी माझ्या दंडाला धरून म्हणालं. तो कंपाउंडर होता, केसांपासून पायापर्यंत पांढरा. "सगळी वर आहेत."

गच्चीवर अकरा मुलं रांगेत बसलेली होती. आया दाराशी उभ्या होत्या. माझी बायको बोटानं मुलं मोजत होती, अकरापर्यंत गेली की पुन्हा एकपासून सुरुवात करत होती. सर खुर्चीत ताठ बसले होते, वही मांडीवर. भिंत पडल्याचा आवाज झाला तेव्हा मुलं उठून कठड्याकडे धावायला निघाली होती. सरांनी त्यांना जागेवर बसवलं. "आधी वाक्य पूर्ण करा," म्हणाले. खाली काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मुलांनी ते आधी बघू नये, एवढंच त्यांना कळत होतं.

मी पोचलो तेव्हा पाळी आमच्या मुलीची होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि सरांकडे वळून एकेक शब्द नीट लावत म्हणाली, "द वॉल फेल. हाउएव्हर, वुई आर हिअर."

सरांनी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ कोटाच्या टोकानं पुसत राहिले. मग वर्ग सुटला.

नगरपालिकेनं महिन्याभरात नवी भिंत बांधली. तो कामसू ओव्हरसियर रोज येऊन ओळंबा लावायचा. उरलेल्या तीन बांधकामांची फाईल मात्र वेगळ्या विभागात गेली होती आणि ती बंद करायचा अधिकार कुणालाच नव्हता. दर वर्षी एक स्मरणपत्र यायचं. मी शिक्का मारायचो, साहेबांसमोर ठेवायचो. साहेब विचारायचे, "सापडल्या का?" मी म्हणायचो, "शोध चालू आहे." मी निवृत्त झालो त्या वर्षीही आलं होतं. माझ्या जागी आलेल्या मुलीला मी ते समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण तिला ते खरं वाटलं नाही.

सरांचा गच्चीवरचा वर्ग आणखी सहा वर्षं चालला. पुढे त्यांचे गुडघे धरले, जिने चढवेनात, आणि मुलगी त्यांना न्यायला आली. जायच्या दिवशी सगळी बिल्डिंग फाटकाशी होती. कोश त्यांनी मुलांना दिला. पेटी, वळकटी आणि ती वही बरोबर घेतली. बसपर्यंत पोचवायला मी गेलो. खिडकीशी त्यांना बसवलं, पाण्याची बाटली दिली, आणि तिचं झाकण नीट लागलंय ना ते पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं शेजारी राहिलेल्या माणसांचं बसच्या खिडकीशी नेहमी असंच होतं.

"एक विचारू?" सर म्हणाले. "खरं सांगायचं. ते दोन पानी पत्र तुम्हाला तेव्हा आवडलं होतं?"

मी जरा विचार केला. "कळलं नव्हतं, सर. पण आवडलं होतं."

"वाईट पत्र होतं ते. अगदी वाईट." ते खिडकीबाहेर, स्टँडवरच्या गर्दीकडे पाहत होते. "पण पाच कधी वाजतात याची मी सकाळपासून वाट बघायचो."

कंडक्टरनं घंटा मारली. गाडी हलली तशी मी खिडकीबरोबर थोडा चाललो. सरांनी आतून हात वर केला आणि मुलीनं त्यांना काहीतरी विचारलं म्हणून ते तिकडे वळले.